तिरकं तळं

हॅलो?… हॅलो, कोण?… ताई! अहो, शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला. आत्ता फोन हातात घेतला होता, तुम्हालाच करायला… खरंच सांगते. काल रात्री किती वेळा लावला, बंदच येत होता… चार्जिंगला लावलात आणि बटणच दाबलं नाहीत? धन्य आहे.

काय?… काय म्हणालात?… डोळा मारतात?… कोण, हे?… आमचे हे?… तुमचा भाऊ, लोकांच्या बायकांना डोळा मारतो?

अहो, हसू नको तर काय करू… थांबा, थांबा, मटार सांडले सगळे… सोलत होते हो… हं, बोला. कुणी सांगितलं?… बेकरीवाल्या बाईंनी?… तुम्हाला थेट?… त्यांनी त्यांच्या जावेला, जावेने पोस्टमनला, आणि पोस्टमनने तुम्हाला. बरं झालं, म्हणजे आता कुणाला सांगायचं राहिलं नाही.

हो… हो, ताई… हो, या वयात… हो, नात शाळेत जायला लागली… नाक कापलं, कबूल… अहो, पण ऐका ना! डोळा मारत नव्हते ते. डोळा मिटत होते.

फरक नाही कसा? मोठा फरक आहे. तुमच्या भावाला डोळा मारता आला असता, तर माझं लग्न दोन वर्षं आधी झालं असतं. रोज आमच्या घरासमोरून जायचे आणि विजेच्या खांबाकडे बघायचे. मला वाटायचं, वीज मंडळात आहेत.

नाही, नाही, थट्टा नाही करत. सांगते. पण तुम्ही आधी बसा… बसलात?… आणि मध्ये बोलू नका… हे बघा, बोललातच.

त्यांना दोन-दोन दिसतं.

दोन-दोन. एकाचे दोन… नाही हो, पीत नाहीत! तुम्हीपण ना. उद्या पोस्टमनला सांगाल आणि मग बघायलाच नको… एका वस्तूच्या दोन दिसतात. एकीच्या वर एक. कप असला की कपाच्या डोक्यावर कप. जिना उतरायला लागले की प्रत्येक पायरीवर आणखी एक पायरी, आणि खरी कुठली ते पाय ठेवल्यावर कळतं… हो ना. परवा शेवटच्या पायरीला चुकले. नाही, लागलं नाही फारसं. गुडघा सुजलाय.

आणि गंमत म्हणजे वर बघितलं की एकच. पंखा एक, दिवा एक. खाली बघितलं की दोन. आता फरशी बसवणाऱ्या माणसाने वर बघून काम कसं करायचं, तुम्हीच सांगा.

तेच तर! एक डोळा मिटला की दुसरं चित्र गायब. म्हणून मिटत होते. बेकरीच्या मागच्या खोलीत फरशी लावत होते, गुडघ्यावर बसून, मान खाली, एक डोळा मिटलेला. बाई समोर गल्ल्यावर. आता हे मधूनच मान वर करणार, डोळा तसाच मिटलेला… कळलं ना?… हो, आणि तुम्हाला एक सांगू? पहिले दोन दिवस त्या बाईंनी त्यांना गरम गरम पाव दिले लोण्यासकट. तक्रार तिसऱ्या दिवशी केली.

मी? मला कसं कळणार? फरशीवाले ओळ बघायला एक डोळा मिटतातच. जन्मभर बघतेय मी. घरात उशीची खोळ घातली तरी एक डोळा मिटून बघतात, सरळ आहे का म्हणून. मला वाटलं, कामाचीच सवय. यांनीही सांगितलं नाही. महिनाभर एकटेच झाकत बसले.

मग कसं कळलं म्हणजे?… चहा ओतत होते. कपात नाही, टेबलावर. अगदी शांतपणे, धार न हलवता, टेबलावर. मी म्हटलं, अहो काय करताय? तर म्हणाले, वरच्या कपात ओतला गं. मी म्हटलं, वर कुठला कप? मग खुर्चीत बसले आणि सगळं सांगितलं. बेकरीची एक ओळ तिरकी गेली होती त्यांची. पहिल्यांदा आयुष्यात. रात्री जाऊन उखडून पुन्हा लावून आले, कुणाला न सांगता.

हो… हो ना… तुम्हाला माहीत आहेत ते. ज्यांना भिंतीवरचं कॅलेंडर केसभर हललेलं चालत नाही, त्यांची ओळ तिरकी. तोंड बघवत नव्हतं. मला म्हणाले, ज्याला एका रेषेच्या दोन दिसतात त्याने थापी हातात धरू नये. पिशवी आवरून ठेवलीय, ताई. थापी, ओळंबा, सगळं धुऊन, पुसून. जसं कुणी कायमचं ठेवतं तसं.

नाही, आता आत आहेत. काय करतायत म्हणाल तर दाराच्या चौकटीला ओळंबा टांगून त्याच्यासमोर बसलेत. सकाळपासून. बघतायत, दोनाचा एक होतो का… दोरी एक, दिसतात दोन. एक सरळ आणि एक कललेली.

नेलं ना! काल नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आहेत, नवीन. पोरगेल्या दिसतात, पण पक्क्या आहेत… नाही, चष्म्याच्या नंबराचं नाहीच ते. मलाही तेच वाटलं होतं. नंबर तपासला, तो ठीक आहे. प्रत्येक डोळा सुटा चांगला आहे. दोघांचं आपसात जमत नाही.

अहो, घरातल्यासारखंच. एकेकटे सगळे शहाणे.

ऐका तर. त्यांनी काळी पळी घेतली एक, आणि एकदा हा डोळा झाक, एकदा तो झाक. मग लाल काच लावली आणि एक पट्टी दाखवली, किती दिसतात विचारलं. मग वर बघा, खाली बघा, नाकाकडे बघा. मग मान या खांद्यावर टाका, आता त्या खांद्यावर टाका. डाव्या खांद्यावर टाकली तर यांनी टेबलच घट्ट धरलं, दोन पट्ट्या पार लांब गेल्या म्हणे. उजव्या खांद्यावर टाकली, तर म्हणाले, अरे, एकच आहे की!

हो, मलाही जादूच वाटली. पण त्यांनी नीट समजावलं. प्रत्येक डोळ्याला सहा दोऱ्या असतात, स्नायूंच्या. त्या ओढून धरतात डोळ्याला, वर, खाली, आत, बाहेर. दोन्ही डोळे एका जागी रोखले गेले तरच मेंदू दोन चित्रांचं एक चित्र करतो. यांच्या डाव्या डोळ्याची एक दोरी ढिली आहे. तिरकी जाणारी असते ना… नसेल माहीत, मलाही काल कळलं. ती ढिली, म्हणून डावा डोळा उजव्यापेक्षा जरा वर चढून बसतो. खाली बघताना तर फारच. मान उजवीकडे कलती केली की जुळून येतं.

एवढंच ना, म्हणजे?… एवढंच असतं तर मी रात्रभर तुम्हाला फोन लावत बसले असते का?

…ताई, आता मी जे सांगते ते शांतपणे ऐका.

ती दोरी ढिली कधी झाली, हा प्रश्न आहे. त्या म्हणाल्या, दोन शक्यता. एक म्हणजे जन्मापासूनच ढिली. लहानपणी मेंदूत जोर असतो, मान जरा कलती ठेवून तो जुळवून घेतो, माणसाला पत्ताही लागत नाही. वय झालं की थकतो, आणि मग दोन दिसायला लागतं. तसं असेल तर काही नाही. काचेचे लोलक असतात ना, त्यांचा चष्मा देतात, चित्र उचलून जागेवर आणतो तो. फार तर छोटंसं ऑपरेशन. पुन्हा कामाला जाता येईल म्हणाल्या.

आणि दुसरी… दुसरी म्हणजे हे आत्ताच झालंय. मग ते डोळ्याचं नसतं. मग डोक्यात… काहीतरी असतं. दाब, गाठ, काहीही. त्या "काहीही" म्हणाल्या, ताई. दुपारी मशीनमध्ये डोकं घालून बघायचं ठरलंय.

हो… मला माहीत आहे… नाही, त्यांना सांगितलंय, पण ते धरून बसलेत की दुसरंच असणार. कारण काय, तर "माझी मान कधीच वाकडी नव्हती." अहो, अभिमान! फरशीवाल्याची मान वाकडी कशी असेल!

आता? आता आहे ना कलती, उजवीकडे, जराशी. पण कधीपासून? बाईंनी मला विचारलं, तुम्हाला आठवतं का? मी विचार विचार विचार केला. ताई, नवऱ्याच्या मानेकडे कोण बघतं? मी बोलायला लागले की ते मान जरा बाजूला टाकतात, तेवढं माहीत आहे. मला इतकी वर्षं वाटत होतं, माझं मन लावून ऐकतायत.

हसा. मीही हसले असते.

बाई म्हणाल्या, आठवणीवर जाऊ नका, ती आपल्याला हवं ते सांगते. लहानपणचे फोटो आणा. फोटोत मान कलती असेल तर जन्माचंच दुखणं, मशीनचंही काम नाही… पर्समध्ये लग्नातला होता, तो लगेच दाखवला. त्यात सरळ. पण तो फोटोग्राफर आठवतो मला, त्याने हनुवटीला धरून सरळ केली होती. त्याने हात काढल्यावर मान कुठे गेली ते मी कुठे बघतेय, मी लाजण्यात होते. बाई म्हणाल्या, स्टुडिओतले नकोत, तिथे सगळ्यांच्या माना सरळ करतात. घरचे हवेत. कुणी सहज काढलेले.

तेच! बाबांनी काढलेले. तो निळा अल्बम तुमच्याकडे आहे ना, आईंनी तुम्हाला दिलेला?… देवासारखं बोललात. काढा. आत्ता काढा. आम्हाला तासाभरात निघायचंय… कपाटावर? मग भाऊजींना सांगा… झोपलेत? उठवा! तुम्ही स्टुलावर चढू नका… ताई, चढू नका म्हणते ना… चढल्या. ऐकायचंच नाही कुणी.

…अहो!… नाही, ताईंचा फोन आहे… सहजच, चौकशीला… हो, सांगितलं मी… तुमचा चहा तिथेच ठेवलाय, टेबलावर… खालचा घ्या. खालचा!… वर काही नाही, वरचा सोडून द्या… हं, तोच.

हॅलो?… मिळाला? पडला नाहीत ना?… धूळ राहू दे हो, नंतर पुसा! पहिलं पान उघडा.

पायरीवर बसलेले? हातात चेंडू… किती वर्षांचे असतील?… बरं, तीन. मान?… सरळ… नीट बघा… सरळच?… बरं. पुढे.

सायकलवर… सरळ. चष्मा लावलाय ना तुम्ही?… शाळेच्या दारात, तुमचा हात धरून… सरळ… खात्री कशी केलीत?… पट्टी लावून? पानाच्या कडेशी पट्टी धरून?… मग काय प्रश्नच नाही. तुम्ही शाळेतपण समास आखूनच लिहायचात म्हणे.

बाकीच्यांत?… सगळ्यांत?… एकातही नाही?

…नाही, आहे मी. आहे… गॅस बंद केला… काही नाही हो. पाणी उकळून चाललं होतं.

…ताई, रडू नका. तुम्ही रडलात की मला येतं, आणि मग ते बाहेर येतील… असं कसं, काहीही असू शकतं, साधंसुद्धा असू शकतं… मीच तुम्हाला धीर देतेय, बघा. धाकटी असून.

खरं सांगू? रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या. एकच मागत होते, माझ्या नवऱ्याची मान लहानपणापासून वाकडी असू दे. कुठली बायको असं मागते हो?… हं… हो… भीती वाटते मला, ताई. फार भीती वाटते. एरवी यांच्यावर ओरडत असते मी दिवसभर, पण त्या मशीनच्या खोलीबाहेर एकटी बसायला नाही जमणार मला.

या ना. याल?… तुमचा गुडघा… बरं, या. दवाखान्यातच या.

नाही, मिटू नका अल्बम. बघा तुम्ही, बरं वाटेल. सांगा मला, मीपण ऐकते… तळ्यावरचा? हो, त्याची गोष्ट सांगितलीय यांनी. चपलेतून पाणी आणत होते म्हणे… तुम्हीपण आहात, फ्रॉकमध्ये, आणि आई… हं… बाबांना कॅमेरा सरळ धरता यायचा नाही, हो, तेही ऐकलंय. आई जन्मभर चिडवत होत्या त्यावरून… इतका वाकडा की तळ्यातलं पाणी तुमच्या फ्रॉकवर सांडेल असं वाटतं. हं. बिचारे बाबा…

ताई.

थांबा. काय म्हणालात?… पाणी काय आहे?

तिरकं आहे. पाणी तिरकं आहे?… अहो, पाणी तिरकं कसं असेल!

कॅमेऱ्याचं नंतर. तुम्ही मला आधी सांगा, तुम्ही म्हणालात राघूची, म्हणजे यांची, मान सरळ आहे आणि पाणी तिरकं… ताई, मी फरशीवाल्याची बायको आहे. पाणसळीत काय असतं? काचेच्या नळीतलं पाणीच ना? सगळं जग वाकडं होईल, साचलेलं पाणी होत नाही. हे माझं नाही, तुमच्या भावाचं वाक्य आहे, रोज जेवताना ऐकते.

पान उलटा. शाळेच्या दारातला. दार बघा. राघूला सोडा, दाराकडे बघा… कललंय? पडायला आलंय? आणि सायकलवरचा, मागची भिंत?… तीसुद्धा.

आता फोटोची कड बघा. फोटोची स्वतःची, पांढरी किनार असते ना. ती पानाच्या कडेशी जुळते का?… पट्टी लावा. आता लावा पट्टी… नाही जुळत?… फोटोच पानावर तिरका चिकटवलाय!… सगळे? राघूचे सगळेच?

कुणी चिकटवले हे?

…तुम्ही!

सुट्टीत… बसून… डिंकाने… आईंनी सांगितलं होतं, नीट चिकटव… आणि तुम्ही नीट चिकटवलेत! अहो ताई, राघू वाकडा दिसतोय म्हणून तुम्ही अख्खा फोटो फिरवून लावलात? घर पडलं तरी चालेल, तळं सांडलं तरी चालेल, भाऊ सरळ दिसला पाहिजे?

नाही हो, रागावत नाहीये, अजिबात रागावत नाहीये! घाई करू नका, एकच गोष्ट अजून. राघू नाही असा एखादा फोटो बघा. आईंचा एकटीचा… तुमचा… मांजराचा? मांजराचा चालेल… तो पानावर सरळ लावलाय? आणि भिंत सरळ?… आईंच्या मागची खिडकी?… सरळ.

आता पुन्हा शाळेचा. पान विसरा, फक्त फोटो बघा. दाराची चौकट आणि फोटोची किनार, जुळतात?… जुळतात. म्हणजे कॅमेरा सरळ होता. बरोबर? मग फोटोत काय वाकडं होतं?… बोला… नाही, मला तुमच्या तोंडून ऐकायचंय…

मान!

पुन्हा म्हणा… आणखी एकदा… कुठल्या खांद्याकडे? नाही, तुमच्या उजव्या हाताला नको, त्याच्या. त्याच्या उजव्या… पायरीवर?… उजव्या. सायकलवर?… उजव्या. तळ्यावर?… तीन वर्षांच्या पोराची मान उजव्या खांद्यावर! अगं बाई… ताई, माझा जीव भांड्यात पडला. मटारासकट.

थांबा, मला बसू द्या.

…हो, ऐकतेय. काय आठवलं?… राघू नाव?… आत्याने ठेवलं… खिडकीत मान तिरपी करून बसायचे म्हणून? पोपटासारखी?… मला तर वाटत होतं, एकच गोष्ट सारखी सारखी बोलतात म्हणून! अहो, म्हणजे सगळ्या घराने बघितलं, कौतुकाने नाव पाडलं, आणि कुणाच्या डोक्यात आलं नाही की पोराची मान का वाकडी ते बघावं? आणि मी अल्बमसाठी जीव टाकतेय. तुम्ही सगळे यांना रोज हाक मारत होतात, ती यांच्या दुखण्याने!

…हं… हो… हो, ताई… मलाही तेच आलं मनात. बाबांचं.

जन्मभर ऐकून घेतलं त्यांनी. यांना कॅमेरा धरता येत नाही, यांचा हात वाकडा. उलटून एक शब्द बोलले नाहीत कधी… शेवटी कॅमेरा कपाटात ठेवून दिला ना?… अगदी सरळ हात होता हो बाबांचा. ओळंब्यासारखा… रडा. आता रडा, आता चालेल. मी नाही रडत… नाही, मटारांचे दोन-दोन दिसतायत मला, एवढंच. थांबा, डोळे पुसते.

हं. आता कामाचं. मोबाईलवर फोटो काढून पाठवा. बाई जुन्या फोटोंवरून बघतीलच, पण मला आत्ता हवेत, मला यांच्या तोंडावर मारायचेत. तुम्ही अल्बम घेऊन मागून या… एकेका फोटोचा जवळून. फोन फोटोच्या कडेशी जुळवून धरा, पानाच्या नाही… जमेल, सावकाश… आणि ताई! सरळ करू नका त्याला! मला माहीत आहे तुमचा हात आपोआप फिरणार. या वेळी तेवढं राघूला वाकडं राहू द्या.

…आला. एक आला. थांबा, फोन ठेवू नका, मोठा करून बघते…

अगं बाई गं.

ताई, केवढं गोड पोर होतं. गालावर माती, चपलेतून पाणी गळतंय, आणि मान बघा कशी… जशी आता माझं ऐकताना असते तशी. अगदी तशी. म्हणजे माझ्यासाठी नव्हतीच ती कधी… असू दे. मी ऐकतायत असंच धरून चालणार.

आणि पाणी बघितलंत का? किती सरळ आहे पाणी.

अहो! इकडे या… ओळंबा राहू दे, तो कुठे जात नाहीये… या म्हणते ना. हळू, उंबरा एकच आहे… हे बघा. ओळखा कोण… हो, तुम्हीच, तळ्यावर. आता मान बघा स्वतःची. बघा, बघा. जन्मापासून वाकडी आहे तुमची मान, अभिनंदन! डोक्यात काही नाही तुमच्या! ताईंनी सगळे फोटो फिरवून लावले होते, तुमची लाज राखायला…

काय?… काय म्हणालात?

ताई… ताई, हॅलो, ऐकताय?… मला हसू आवरत नाहीये… अहो, यांनी फोन हातात घेतला, मान टाकली उजव्या खांद्यावर, नीट बघितलं, आणि म्हणतायत काय माहितीय?… म्हणतायत, "सरळच तर आहे!"

…हो ना! हो… तुम्हीपण हसा… ते? ते पिशवीकडे गेले… नाही, दवाखान्याची नाही, हत्यारांची. थापी काढून बघतायत… अहो, आज नाही! आधी डॉक्टरीणबाई, मग चष्मा, मग थापी!

चला ताई, ठेवते. निघायला हवं… बेकरीवाल्या बाईंना? सांगते मी, खरं काय ते… किंवा राहू दे. आठवडाभराने सांगू. गरम पाव चांगले असतात हो त्यांचे… या तुम्ही लवकर. आणि येताना डिंक आणा. अख्खा अल्बम पुन्हा चिकटवायचाय… हो, बाबांसाठी. ठेवते.